बोलीची पायरी

भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही गावी, पारावर म्हणा की चहाच्या टपरीवर म्हणा, चार माणसांत बसून आपण येथील बोलणे ऐकण्याकरिता आलो आहोत असे सांगितले, तर समोरचा मनुष्य प्रथम संकोचतो, मग शेजाऱ्याकडे पाहून हसतो, आणि त्यानंतर जे बोलतो ते बहुधा क्षमायाचनेच्या सुरात असते. लाखनीच्या बसस्थानकावर साकोलीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलेले एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, "आमचा बोलना कायचा आयकता जी! सुद बोलना त पुन्याचा." हे गृहस्थ पुण्यास कधी गेले नव्हते. नागपूरच्या मेडिकल रुग्णालयापलीकडे त्यांचा प्रवास झालेला नव्हता, आणि पुण्याच्या मनुष्याशी समोरासमोर बोलण्याचा प्रसंग कधी आला होता काय, असे विचारता त्यांनी प्रांजळपणे नकारार्थी मान हलविली. जी वाणी आपण कानाने ऐकली नाही ती शुद्ध, आणि जिच्यात आईला हाक मारली, बैल हाकले, सावकाराकडे मुदत मागितली व लेकीची सोयरीक ठरविली ती अशुद्ध, असा निवाडा मनुष्य कोणत्या पुराव्यावरून देतो, हे मला या मुलखात जाणून घ्यावयाचे होते.

मुलूख तसा अपरिचित नाही. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला, मालगुजारीच्या काळातील तलावांनी आणि लहानमोठ्या बोड्यांनी पाणी धरून ठेवणारा, धानावर जगणारा हा प्रदेश. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा निराळा झाला, तरी भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिची बोली सरहद्दी आखल्याने तुटलेली नाही. या बोलीस झाडीबोली म्हणतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचे व्याकरण, तिचे शब्द आणि तिची दंडार ही लोकनाट्यकला यांच्या अभ्यासात आयुष्याचा मोठा भाग वेचला, म्हणून आज तिच्याविषयी काही निश्चयाने बोलता येते. तिच्यात 'ण' नाही, त्याच्या जागी 'न' येतो. 'ळ' नाही, त्याचे काम 'र' करतो, म्हणून तांदळाचा तांदूर आणि डोळ्याचा डोरा होतो. तालव्य 'श' आणि मूर्धन्य 'ष' यांचे काम 'स' चालवितो. नपुंसकलिंगाचा वापर फारसा नाही. वाक्याच्या शेवटी आदराचा 'जी' आणि सलगीचा 'गा' येतो, आणि त्यांपैकी कोणता कोणास लावावा याचे भान लहान पोरासही असते. जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर-मोहाडीकडे, पोवारांच्या घरी पोवारी बोलली जाते. काही गावांत गोंडी आहे. पलीकडे बालाघाट लागते, त्यामुळे हिंदी दाराशीच आहे. एकाच मनुष्याने घरी एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी वाणी वापरावी, यात येथे कोणास नवल वाटत नाही.

नवल वाटते ते एका अक्षराच्या प्रतापाचे. अखिल महाराष्ट्रात मनुष्याचे शिक्षण, कुळ आणि बुद्धी यांची परीक्षा त्या बिचाऱ्या 'ण'वर घेतली जाते. जो 'पानी' म्हणाला तो नापास. परंतु हाच उच्चार हिंदी बातम्या सांगणारा निवेदक आकाशवाणीवरून करतो, तेव्हा तो ऐकून कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत, कारण हिंदीत पाण्याला पानीच म्हणतात. दहा मिनिटांनी मराठी बातम्या लागाव्या आणि त्यांत तोच ध्वनी उमटावा, की केंद्रावर तक्रारींची पत्रे येतील. ध्वनी तोच, ऐकणारा कान तोच. एके ठिकाणी तो भाषेचा धर्म ठरतो आणि दुसरीकडे बोलणाऱ्याचे अज्ञान. यावरून दोष ध्वनीत नाही इतके तरी कबूल करावे लागते. तो ज्यांच्या तोंडी आढळतो त्यांच्याविषयी जे मत आधीच बनलेले असते, ते त्या ध्वनीवर चढविले जाते, आणि मग ते मत आपण कानाने मिळविले अशी समजूत होते.

ही समजूत रुजविण्याचे काम प्रथम शाळा करते. मोहाडी तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी आपल्या नोकरीच्या दिवसांविषयी बोलत होते. पहिलीच्या वर्गात 'बाण' हा शब्द ते पोरांकडून घोकून घेत. एकेकास उभे करीत. जो 'बान' म्हणे त्यास उभाच ठेवीत. "आनि घरी गेलो का मीच मायले म्हनो, पानी दे व," असे सांगून ते मनमुराद हसले. हसण्यात विषाद नव्हता, पश्चात्तापही नव्हता. नोकरी होती, तपासनीस येत, मुलांच्या उच्चारावरून शिक्षकाची किंमत होई. मात्र त्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली ती मोलाची वाटली. वर्गात उभी राहणारी ती मुले पुढे बोलेनाशी झाली. त्यांस येत नव्हते असे नव्हे. उत्तर ठाऊक असे, आकडा ठाऊक असे, परंतु तोंड उघडले की 'न' बाहेर पडेल या धास्तीने ती गप्प बसत, आणि तपासनिसाच्या शेऱ्यात 'विद्यार्थी अबोल आहेत' अशी नोंद होई. सहा वर्षांच्या पोराला गणित येते की नाही हे पाहावयाचे आणि त्याच्या जिभेचे टोक टाळूला कोठे लागते यावरून ते ठरवावयाचे, असला कारभार आपण पिढ्यानपिढ्या विनातक्रार चालवीत आलो.

शाळेपेक्षाही मला अधिक बोलका पुरावा रंगभूमीवर दिसला. दिवाळी उलटली, भाऊबीज झाली की या भागात मंडईचा हंगाम सुरू होतो. आज या गावी, उद्या त्या गावी अशी पाळी लागते. सोयरेधायरे येतात, गोवाऱ्यांच्या ढाली नाचतात, दिवसा दंडार किंवा खडी गंमत आणि रात्री मांडवात नाटक. वडसा हे या नाटकमंडळ्यांचे मोठे केंद्र. मंडईपासून पुढे उन्हाळा लागेतो त्यांचे तळ गावोगाव हलत असतात, आणि याच रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. साकोलीकडील एका गावी असले एक नाटक मी पाहिले. धानाच्या कापलेल्या बांधीत मंडप, खाली तणस, थंडी बेताची, आणि पुढच्या रांगांत घोंगडी-शाली पांघरून बसलेल्या बाया व पोरे. नायक शहरातून शिकून आलेला, त्याचे संवाद पुस्तकी मराठीत, एकेक 'ण' टाचणीने टोचून बसविल्यासारखा, नायिकाही तशीच, खलनायक तर अधिकच शुद्ध. इतक्यात गड्याची भूमिका करणारा विनोदी नट आला, त्याने पहिलेच वाक्य झाडीबोलीत टाकले, आणि मांडव हशाने दणाणला. वाक्यात विनोद नव्हता. "कोटी चालले जी मालक?" एवढेच काय ते वाक्य! संध्याकाळपासून त्या मांडवाबाहेर हेच वाक्य शेकडो माणसे एकमेकांस उद्देशून बोलत होती, आणि तेव्हा कोणी हसले नव्हते. रंगमंचाच्या फळ्यांवर चढताच ते हास्यास्पद झाले, आणि त्यास हसणारे तेच होते ज्यांचे ते होते.

तथापि या हास्याचा अर्थ केवळ न्यूनगंड असा लावून मोकळे होण्याची घाई करू नये. शेजारी बसलेल्या एका बाईंना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की तो गडी तेवढा आपला वाटतो, बाकीचे नाटकातले वाटतात. म्हणजे एकाच उच्चारात कमीपणा आणि आपलेपणा ही दोन्ही नांदत होती. नायकास मान होता, गड्यास माया होती. रडण्याचे काम एकाकडे आणि जवळचे वाटण्याचे काम दुसऱ्याकडे. भाषांविषयीच्या लोकमताचा अभ्यास करणारे पंडित प्रतिष्ठा आणि आत्मीयता असे जे दोन निरनिराळे हिशेब मांडतात, ते त्या बाईंनी एका वाक्यात मांडून दाखविले.

आणि ही व्यवस्था या मातीस नवी नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे प्रतिपादिले. ते गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यातच होते, आता गोंदियात गेले. आठव्या शतकातील या नाटककाराच्या 'उत्तररामचरिता'त राम संस्कृत बोलतो, आणि सीता, जनकाची कन्या, अयोध्येची राणी, प्राकृत बोलते. ती अशिक्षित होती असे कोणी म्हणणार नाही. नाट्यशास्त्राने पात्रांची पायरी पाहून भाषा वाटून दिल्या होत्या, त्या वाटणीनुसार स्त्रियांच्या वाट्यास प्राकृत आले. कौतुकाची गोष्ट अशी की भवभूतीने आपल्या एकाही नाटकात विदूषक योजिला नाही. ज्या पात्राच्या तोंडी लोकभाषा घालून सभेला हसवावयाचे, ते पात्रच त्याने वगळले आणि सीतेचे प्राकृत रडविण्याच्या कामी लाविले. वडशाच्या लेखकांनी आपल्या या भूमिपुत्राचा हा एक गुण उचलला असता तर बरे झाले असते, असे त्या मांडवात मला राहून राहून वाटले.

त्याच परंपरेतला दुसरा साक्षीदार राजशेखर. हा दहाव्या शतकाच्या आरंभीचा. कुळ महाराष्ट्रीय, पणजोबास महाराष्ट्रचूडामणी म्हणत, आणि विदर्भातील वत्सगुल्माविषयी, म्हणजे आजच्या वाशिमविषयी, त्यास विलक्षण ममत्व. त्याच्या 'काव्यमीमांसे'त कोणत्या प्रांताचे लोक काव्य कसे म्हणतात याचा एक झणझणीत परामर्श आहे. गौडांनी प्राकृत गाथा म्हणणे थांबवावे, नाही तर दुसरी सरस्वती नेमावी, असा राजीनामाच सरस्वती ब्रह्मदेवापुढे ठेवते. कर्णाटकातले लोक कोणताही रस असो, शेवटी अभिमानाने टणत्कार करतात. द्रविड गद्यही गातात. लाटदेशीयांना संस्कृताचा द्वेष, परंतु प्राकृत मोठे ललित म्हणतात. काश्मिरी कवी थोर, मात्र त्यांचे पठण म्हणजे कानात गुळवेलीचा काढा. मग सर्वोत्कृष्ट कोण? पांचाल देशाचे कवी. त्यांचे म्हणणे कानात मध ओतल्यासारखे. आता राजशेखर कोणाच्या पदरी होता? कनौजच्या प्रतिहार महेंद्रपालाच्या. आणि कनौज कोठे? पांचालात. अकराशे वर्षांपूर्वीच्या या रसिकाग्रणीच्या कानाला जो मध लागला तो राजवाड्याच्या अंगणातला होता, हे त्याच्या ध्यानी आले नसावे. आपला कान निःपक्षपाती आहे अशीच त्याची समजूत असणार, जशी ती आपणा सर्वांची असते. गंमत अशी की भवभूतीचाही संबंध कनौजच्याच यशोवर्म्याच्या दरबाराशी सांगतात. या प्रांतातील मनुष्याने नाव काढण्यास सातशे-आठशे किलोमीटर जावे, ही वहिवाट पुणे-हिंजवडीच्या गाड्या सुरू होण्याच्या बऱ्याच अगोदरची आहे.

मराठीचे कनौज पुणे कसे झाले, ही हकीकत दप्तरात स्पष्ट लिहिलेली आहे. पेशवाई १८१८ साली बुडाली, परंतु तिचे कारकून, तिचे शास्त्री आणि तिची दप्तरे इंग्रजांच्या हाती आली, आणि शाळांकरिता, कायद्यांकरिता एक ठरीव मराठी हवी झाली तेव्हा ती त्यांच्याच बोलण्यावरून बेतली गेली. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. त्या वेळी नागपुरास भोसल्यांची गादी होती. तिसरे रघुजी १८५३ साली वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. म्हणजे प्रमाण मराठीचा कोश आणि तिचे व्याकरण सिद्ध झाले तेव्हा वैनगंगेचा काठ परराज्यात होता. त्याची साक्ष काढण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून हिंदी-मराठीत चालला, आणि १९५६ साली राज्यपुनर्रचनेने विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले तेव्हा भंडाऱ्याच्या मनुष्यास राजधानी, सचिवालय आणि क्रमिक पुस्तके ही तिन्ही एकाएकी पश्चिमेस सरकल्याचे आढळून आले. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम शासनमान्य झाले. १९६७ साली पाठ्यपुस्तकांचे मंडळ पुण्यास स्थापन झाले. या कोणत्याही संस्थेने भंडाऱ्याच्या बोलीस वाईट म्हटलेले नाही. तसे म्हणण्याची गरजच पडली नाही. परीक्षा, नोकरी आणि बढती यांचा दरवाजा ज्या उच्चाराने उघडतो तो उच्चार शुद्ध, एवढे लोकांनी आपण होऊन ओळखले.

यातला उपरोध असा की मराठीतील आद्य ग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु', शके १११० चा, वैनगंगेच्याच काठी अंभोऱ्यास लिहिला गेला असा विदर्भातील अभ्यासकांचा दावा आहे. आंबेजोगाईकरांचा प्रतिदावा जोरकस आहे आणि तो वाद मी येथे निकालात काढू इच्छीत नाही; परंतु चक्रधरांचे शिष्य नीळभट भांडारेकर याच भंडाऱ्याचे, आणि संस्कृत टाकून म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळेल अशा मराठीत लिहावे हा महानुभावांचा कटाक्ष तर निर्विवाद आहे. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात दर्जा दिला, तेव्हा जी प्राचीनता पुराव्यादाखल मांडली गेली तिच्यात या काठचा वाटा काही कमी नव्हता. प्राचीनतेच्या कामी हा प्रदेश चालतो, उच्चाराच्या कामी चालत नाही.

कानाचा हा पक्षपात प्रयोगाने सिद्ध करण्याचा प्रयत्न १९६० साली कॅनडात माँट्रियल येथे वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञाने केला. इंग्रजी व फ्रेंच दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणाऱ्या व्यक्तींकडून एकच उतारा दोन्ही भाषांत वाचवून घेतला आणि ऐकणाऱ्यांस हे निरनिराळे लोक आहेत असे भासवून त्यांचे गुणावगुण विचारले. इंग्रजी आवाज बुद्धिमान, उंच, भरवशाचा ठरला. इंग्रजी भाषिकांनी असे म्हणावे हे समजण्याजोगे आहे; परंतु फ्रेंच भाषिकांनीही तेच म्हटले, किंबहुना आपल्याच भाषेच्या आवाजास त्यांनी काही बाबतींत इंग्रजांहूनही कमी लेखले. लाखनीच्या त्या वृद्ध शेतकऱ्यांचे म्हणणे आणि माँट्रियलच्या विद्यार्थ्यांचे म्हणणे एकच. पुढे १९९२ साली अमेरिकेत डोनाल्ड रूबिन याने याहून विचित्र गोष्ट दाखविली: एकाच स्त्रीच्या आवाजातील एकच व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकविताना समोर एकदा गोऱ्या आणि एकदा आशियाई चेहऱ्याचे छायाचित्र ठेवले, तेव्हा आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्या आवाजात परकी लकब ऐकू आली, आणि व्याख्यानही त्यांस कमी समजले. लकब नव्हतीच. ती डोळ्यांनी कानास पुरविली.

तीच युक्ती आपल्याकडे भेसळीच्या आरोपात वापरली जाते. भंडाऱ्याचा मुलगा पुण्यात "काय करून राहिला?" म्हणतो, तेव्हा हे हिंदी झाले, मराठी नव्हे, असे त्यास ऐकावे लागते. परंतु ज्या मराठीच्या वतीने हा आरोप होतो तिच्यात कागद, हुकूम, फिर्याद, वकील, जमीन, हिशेब आणि खुद्द आरोप करणाऱ्याचे बहुधा 'चिटणीस' वा 'फडणीस' हे आडनावदेखील फारसीच्या टांकसाळीतून आलेले. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंत हणमंत्यांनी 'राज्यव्यवहारकोश' रचून या शब्दांस संस्कृत पर्याय योजिले, ते पोथीत राहिले आणि फारसी शब्द पेशव्यांच्या दप्तरात पुरते मराठी झाले. पश्चिमेच्या कचेरीतून आलेले परकीय शब्द घरंदाज आणि पूर्वेच्या बाजारातून आलेले उपरे, हा भेद भाषाशास्त्राने केलेला नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीराव फुल्यांच्या लिहिण्याची अशुद्ध म्हणून खिल्ली उडविली तेव्हाही वाद व्याकरणाचा भासत होता. फुले काय म्हणत होते याचे उत्तर त्यामुळे पुढे ढकलता आले.

येथवर मी पुण्यावर बोट ठेवीत आलो. आता ते जिल्ह्याच्या आत वळविले पाहिजे, कारण पायऱ्या येथेही आहेत. नागपूरकर पुण्याच्या तोऱ्याविषयी तावातावाने तक्रार करतो आणि त्याच बैठकीत भंडाऱ्याच्या पाहुण्याची नक्कल करून दाखवितो. भंडारा शहरातला मनुष्य लाखांदूरकडच्या बोलण्यास रानटी म्हणतो, लाखांदूरचा जंगलकाठच्या टोल्यांकडे बोट दाखवितो. लग्नाच्या बोलणीत 'मुलगी शुद्ध बोलते' हा गुण शिक्षणाच्या जोडीने सांगितला जातो. आणि सर्वांच्या मुळाशी जात आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड स्टेन कोनो यांच्या हातून सिद्ध होऊन १९०५ साली प्रसिद्ध झाला. सर्वेक्षणाची सुरुवात स्थानिक अधिकाऱ्यांनी पाठविलेल्या याद्यांवरून झाली होती, आणि त्या याद्यांत बोलींची नावे म्हणून कोष्टी, कुंभारी, गोवारी, महारी अशी नावे आली. उधळ्या पुत्राची बायबलातली गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून नमुने मागविले. ते ताडून पाहता यांपैकी कित्येक बोलींत नागपुरीहून सांगण्याजोगा भेद नाही असा निर्वाळा द्यावा लागला. तहसिलीच्या कारकुनाने कुंभाराची वाणी निराळी ऐकली, ती कुंभार म्हणूनच ऐकली. भाषाशास्त्रज्ञाने कागदावर पाहिली तेव्हा ती शेजाऱ्याचीच निघाली. आजही एखाद्या गावात मला "ते लोक वेगळे बोलतात" असे सांगण्यात आले, आणि मी त्या लोकांच्या ओसरीवर जाऊन बसलो, तेव्हा वेगळेपण मला तरी ऐकू आले नाही.

तरुण पिढीने या साऱ्यावर एक व्यवहारी तोड काढलेली आहे. चाकणच्या कारखान्यात काम करणारा तुमसरचा एक मुलगा दिवाळीस घरी आलेला भेटला. पुण्यात खोलीवरच्या मित्रांशी एक, फोरमनशी दुसरी आणि भ्रमणध्वनीवर आईशी तिसरी भाषा तो बोलतो, आणि एकीतून दुसरीत जाताना त्यास प्रयास पडत नाहीत. "गावात पुन्यावानी बोललो त पोट्टे म्हनतेत, लय साना झाला का बे," असे तो म्हणाला. म्हणजे शुद्धतेस दंड भरावा लागतो असाही एक मुलूख आहे आणि तो त्याचा स्वतःचा आहे. दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांतून वऱ्हाडी ढंग लोकप्रिय झाल्यापासून त्याच्या सहकाऱ्यांना त्याचे बोलणे आवडते. 'अजून बोल ना' असा आग्रह ते करतात. हा आग्रह त्यास टोमण्याहून अधिक बोचतो. पगारवाढ मागावयाची असते त्या दिवशी त्याचे बोलणे कोणास गंमत वाटू नये अशी त्याची अपेक्षा असते, आणि तेवढ्याकरिता तो 'ण' घोटून ठेवतो. पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आली तेव्हा मराठी प्रेक्षकांनी फुलवालीच्या उच्चारांवरील संस्कार मनसोक्त हसत पाहिले. त्या संस्कारांचा खर्च कोणाच्या खाती पडतो याचा हिशेब चाकणचा हा मुलगा अधिक चोख ठेवतो.

झाडीबोलीच्या बाजूने उभे राहणारेही आहेत. झाडीबोली साहित्य मंडळ आहे, संमेलने भरतात, कवितासंग्रह निघतात, कोश झाला आहे. अशा कार्यक्रमांतून कवी झाडीबोलीत कविता म्हणतात आणि त्यांचा परिचय, आभार, अध्यक्षीय समारोप हे सारे प्रमाण मराठीत होतात. बोलीने भाव सांगावा आणि भाषेने विचार, ही वाटणी बोलीच्या कैवाऱ्यांनीही निमूटपणे मान्य केली आहे, आणि मला ती नाट्यशास्त्राच्या वाटणीहून फारशी निराळी वाटत नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे मराठीच्या बोलींचे जिल्हावार सर्वेक्षण करून लोकांचे आवाज मुद्रित करून ठेवले, हे काम मोठे. मात्र असल्या कामातील पूर्वापार अडचण येथेही आहे: ध्वनिमुद्रण सुरू झाले की माणसे सावरून बसतात, आणि जे ऐकण्याकरिता आपण आलो ते बोलणे यंत्र बंद केल्यावर सुरू होते.

सावरून बसण्याची पाळी दुसऱ्या पक्षावर येते असे एक ठिकाण मात्र मला आढळले, ते शेत. दिवाळीच्या सुमारास धान कापून बांधीत पसरलेले असते, त्यास कडपा म्हणतात. त्या वाळल्या की भारे बांधून पुंजणे रचावयाचे आणि मग चुरणे. याच दिवसांत अवकाळी पाऊस येतो. एका शेतकऱ्याने सांगितले की विम्याची सूचना बहात्तर तासांच्या आत द्यावी लागे म्हणून त्याने दूरध्वनी केला, आणि "कडपा भिजल्या" हे पलीकडच्या माणसास समजावता समजावता त्याचा जीव मेटाकुटीस आला. पलीकडचा विचारीत होता, पीक उभे आहे की काढलेले आहे, आणि याचे म्हणणे, कापलेले आहे पण काढलेले नाही. पंचनाम्यास आलेला कृषी सहायक पश्चिमेकडील जिल्ह्यातला, नवीन नेमणुकीचा. पहिल्या वर्षी तो 'भात' म्हणे, 'लावणी' म्हणे, आणि धुऱ्यावरची माणसे एकमेकांकडे पाहत. शुद्ध बोलतो म्हणजे यास धानातले कळत नसावे, असा त्यांचा सरळ तर्क. गादमाशीवर त्याने सांगितलेले औषध कोणी मारले नाही, कृषी केंद्राच्या दुकानदाराने तेच औषध 'पोंगा पडला का जी' असे विचारून दिले तेव्हा घेतले. आता तो रोवणा म्हणतो, पऱ्हे म्हणतो, कडपा म्हणतो, 'जी' लावतो, आणि पंचनाम्याच्या कागदावर 'काढणीपश्चात नुकसान' असे लिहून खाली शेतकऱ्याची सही घेतो. मी गेलो त्या दिवशी लाखनी तालुक्यातील एका बांधीत तो ओल्या कडपा हाताने उलथून कोंब फुटले आहेत काय ते पाहत होता, आणि "खालचा तांदूर पुरा काराच झाला गा" असे शेतमालकास म्हणाला, तेव्हा शेतमालकाने, त्याच्या 'ळ'चे काय झाले याची विचारपूस न करता, पलीकडच्या बांधीतल्या कडपाही पाहून घ्या म्हणून त्यास पुढे घातले.